सभासदांच्या मुलांनी कायदा का शिकावा?



ऊस विकास खात्याचा माणूस या पानांवर लिहू लागला की वाचक मनात म्हणतो, आता बेणे बदला, पाचट जाळू नका आणि माती तपासून घ्या, हेच येणार. तशी आमची सवयही आहे. परंतु या अंकात आम्ही निराळाच विषय घेत आहोत. तो म्हणजे कायद्याचे शिक्षण. आम्ही कृषी पदविका घेतलेली माणसे. आमच्या अंगावर काळा कोट नाही आणि कायद्याच्या पुस्तकांशी आमची ओळख बेताचीच. तरीही लिहावेसे वाटले, याला कारण २०२४-२५ च्या गळीत हंगामात आम्ही आमच्या डोळ्यांनी जे पाहिले ते.

आपल्याकडे एक म्हण पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खोटी नाही. दोन पिढ्या तारखा घालवून, बांधाच्या हातभर मातीसाठी अख्खे रान विकलेली घराणी प्रत्येक गावात सापडतील. पण या म्हणीचा आपण भलताच अर्थ घेतला आहे. पायरी चढू नये म्हणजे कायदाच माहीत करून घेऊ नये, असे आपण धरून चाललो. हुमणीचे तोंड पाहू नये म्हणून ऊस उपटूनच बघायचा नाही, त्यातलाच हा प्रकार. हुमणी आपले काम करीतच राहते.

आता घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातील एक वयस्कर सभासद, त्यांना सारे गाव आबा म्हणते. आबांचा पावणेदोन एकर आडसाली ऊस, लागण जुलै २०२३ ची. ऊस असा की शेजारच्या गटाचे लोक बघायला यावेत. या रानाला जायची वाट दुसऱ्याच्या बांधावरून. वहिवाट जुनी, आबांच्या वडिलांच्या बैलगाडीपासूनची. जून २०२४ मध्ये शेजाऱ्याने त्या वाटेवर आडवी चारी खणली. कारण काय, तर कुठल्याशा लग्नात मानपान राहिला. आबांनी मनाशी म्हटले, ऊस तुटायला अजून सहा महिने आहेत, तोवर मिटेल. खताची पोती डोक्यावरून नेली आणि गप्प राहिले.

मिटले नाही. आबा पोलीसपाटलांकडे गेले, गावच्या पुढाऱ्यांकडे गेले, आमच्या गट कार्यालयातही आले. आमच्या मंडळींनी, त्यात आम्हीही आलो, काय सांगितले? "आबा, गावातल्या गावात मिटवा. कोर्टकचेरीत पडू नका." आम्हाला वाटले आपण शहाणपणाचा सल्ला दिला. मध्ये एकाने पैसे घेऊन कसलासा अर्ज कुठेतरी देऊनही ठेवला होता. तो भलत्याच कचेरीत पडून होता.

जानेवारी २०२५ उजाडला. तोडणीचा क्रम आला, टोळी दारात उभी, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली रानात शिरेना. संक्रांतीला आबांची नात घरी आली. ती पुण्याच्या लॉ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आम्ही त्या वेळी आबांच्या सोप्यात बसलो होतो. पोरीने ते सगळे कागद मांडीवर घेतले, वाचले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आबा, चारी कोणत्या तारखेला काढली?"

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. पुढाऱ्यांनी विचारला नाही, आम्ही विचारला नाही. वास्तविक आम्ही कुठल्याही उसाच्या कडेला उभे राहिलो की तोंडातून पहिला शब्द लागण तारीख हाच येतो. त्या तारखेवर तोडणी ठरते, खताचा हप्ता ठरतो, सारे ठरते. कायद्यातही तसेच आहे, हे त्या दिवशी आम्हाला कळले. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ या नावाचा एक जुना कायदा आहे. शेताच्या वहिवाटीच्या वाटेत किंवा पाण्यात कोणी अडथळा केला तर तो काढून टाकण्याचा हुकूम या कायद्याखाली तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. आबांचे सहा महिने डिसेंबरातच भरून गेले होते.

पोरगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणखी एक रस्ता आहे, पण त्याला वेळ लागेल." महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे दुसऱ्यांच्या बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तो अर्ज तिने स्वतः लिहिला, नकाशा जोडला. परंतु समोरच्याला नोटीस, जागेची पाहणी, पंचनामा हे सगळे व्हायचे म्हणजे हंगाम थांबत नाही. शेवटी कारखाना बंद होण्याच्या आठवड्यात, मार्चमध्ये, तोडकऱ्यांनी मोळ्या डोक्यावरून वाहून डांबरीवर आणल्या. त्यासाठी आबांना पदरचे जादा पैसे मोजावे लागले. उसाला तुरे येऊन गेले होते, पांगशा फुटल्या होत्या, कांड्यांत दशी पडली होती. एकरी दहा-बारा टनांचा फटका बसला, असा आमचा अंदाज आहे. हे नुकसान रोगाने झाले नाही की पाण्याअभावी झाले नाही. ते एक तारीख माहीत नसल्यामुळे झाले. तो सल्ला देणाऱ्यांत आम्हीही होतो, म्हणून हा लेख लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

पुढे पावसाळ्यात मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आमचे प्रशिक्षण होते. आबा म्हणाले, "साहेब, मला पण घ्या गाडीत. पोरगी शिकते तरी कुठं, ते एकदा बघू द्या." अशा रीतीने आम्ही आणि आबा पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयात गेलो. लॉ कॉलेज रस्ता या नावाने पुण्यात जो रस्ता आहे, ते नाव या कॉलेजामुळे पडले. एका बाजूला टेकडी, झाडी, त्यात कॉलेज आणि वसतिगृहे. त्याच रस्त्याला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, त्याच रस्त्याला जुना प्रभात स्टुडिओ, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट. आबांनी टेकडीकडे पाहून विचारले, "एवढी जागा? आणि ऊस नाही?" पोरगी हसली.

या कॉलेजची हकीगत थोडक्यात सांगितली पाहिजे. इंडियन लॉ सोसायटी ही संस्था १९२३ साली पुण्यात स्थापन झाली आणि तिने १९२४ मध्ये हे महाविद्यालय काढले. २०२४ मध्ये त्याला १०० वर्षे झाली. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे. हे गृहस्थ नुसते वकील नव्हते. मिताक्षरा, व्यवहारमयूख अशा जुन्या धर्मशास्त्रग्रंथांचे इंग्रजी भाषांतर करून त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. कोणी विचारील, संस्कृत पोथ्यांचा उसाशी काय संबंध? संबंध आहे. वडिलार्जित जमिनीत जन्माने हक्क येतो, एकत्र कुटुंबाची वाटणी अशी व्हावी, हा जो आपल्या घराघरांतला कायदा, त्याचे मूळ मिताक्षरेत आहे. आपण वाटणीपत्र करतो तेव्हा नकळत त्या ग्रंथाच्या सावलीत बसलेलो असतो.

आणि हा कायदा जागच्या जागी राहिलेला नाही. जुन्या व्यवस्थेत मुलींना जन्मसिद्ध वाटा नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केले, पण त्या वेळी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या व न झालेल्या सर्व मुलींना मुलाइतका हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये असेही स्पष्ट केले की त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. आता सांगा, आमच्या नोंदणी पुस्तकात किती ऊस अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर उभा आहे? वारसनोंद लावायची तर बहिणीचे नाव येईल, म्हणून नोंदच लावायची नाही, असा प्रकार आम्ही गावोगाव पाहतो. मग बिल अडकते, कर्ज अडकते, शेअर्सचे हस्तांतर अडकते, आणि भाऊबहीण एकमेकांच्या दारात जायचे बंद होतात. कायदा नीट सांगणारे एक माणूस घरात असते, तर निम्मी भांडणे माजघरातच संपली असती.

संशोधनाबद्दल आणखी दोन गोष्टी. प्रा. स. पु. साठे हे या कॉलेजचे एक नामांकित प्राचार्य. प्रशासकीय कायदा, म्हणजे सरकारी कचेरीने आपला अधिकार कसा वापरावा व कुठे थांबावे याचा कायदा, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. न्यायालये लोकांच्या प्रश्नांत किती लक्ष घालू लागली व त्याला मर्यादा कोणती, यावर त्यांचा ग्रंथ २००२ मध्ये आला. तहसील कचेरीच्या खिडकीसमोर दिवसभर उभे राहून परत येणाऱ्या माणसाला या विषयाची गरज सर्वांत जास्त आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. इंडियन लॉ सोसायटीने २००७ मध्ये मानसिक आरोग्याचा कायदा आणि धोरण यांचा अभ्यास करणारे एक केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या मसुद्यात सहभाग होता. या कायद्याच्या कलम ११५ ने असे ठरवले की, जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याच्यावर त्याबद्दल खटला भरू नये, आणि सरकारने त्याची काळजी व उपचार पाहावे. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात जुने सरसकट शिक्षेचे कलम राहिले नाही. याच केंद्राचा 'आत्मीयता' नावाचा उपक्रम नाशिक जिल्ह्यातील खेड्यांतून सुरू झाला. गावातलीच माणसे तयार करायची आणि त्यांनी खचलेल्या माणसाजवळ बसून त्याचे ऐकायचे, अशी त्याची रीत. कर्जाने, नापिकीने घेरलेल्या घरांत काय काय घडते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी अशा घरी दवाखान्याच्या आधी पोलिसांची भीती वाटत असे. ती भीती घालवणे हे कायद्याच्या अभ्यासकांचे काम होते आणि त्यांनी ते केले. पण आपल्या किती सभासदांना ही गोष्ट माहीत आहे? कायदा झाला दिल्लीत, अभ्यास झाला पुण्यात, आणि बातमी आपल्या पाणंदीपर्यंत आलीच नाही.

आता या कॉलेजातून शिकून गेलेल्यांकडे पाहू. पहिल्या काही तुकड्यांतच साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर होते. १९२६ मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले आणि १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश झाले. कामगार आणि मालक यांच्यामधील न्यायाचा विचार त्यांच्या निकालपत्रांनी घडवला. यशवंतराव विष्णू चंद्रचूड हेही इथलेच. १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून अधिक काळ ते सरन्यायाधीश होते. इतका काळ त्या पदावर दुसरे कोणी राहिलेले नाही. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्या लोकांच्या खटल्यात, १९८५ मध्ये, त्यांच्या न्यायपीठाने म्हटले की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याच्या साधनाचा हक्कही येतो. झोपड्या काढण्याचा पालिकेचा अधिकार त्या निकालाने नाकारला नाही, पण माणसाला उठवायचे तर त्याचे पोट विसरून चालणार नाही हे तत्त्व कायम झाले. आपल्या फडात कोपी घालून राहणाऱ्या ऊसतोड मजुरांकडे पाहताना या तत्त्वाची आठवण ठेवावी, असे आम्हाला वाटते.

पण न्यायमूर्तींपेक्षाही दोन नावे आपल्या विषयाला लागू पडतात. पहिले यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्यासारख्या खेड्यातला, वडिलांचे छत्र लहानपणी हरपलेला मुलगा. कोल्हापुरात पदवी घेतली, पुण्याच्या याच लॉ कॉलेजात शिकून १९४१ मध्ये वकील झाला आणि कऱ्हाडला वकिली सुरू केली. वकिली फार काळ चालली नाही, कारण लगेच बेचाळीसची चळवळ आली. परंतु ते शिक्षण वाया गेले असे म्हणता येईल काय? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा, १९६१. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१. हे तिन्ही कायदे ते मुख्यमंत्री असताना झाले. ज्या कायद्याखाली आज राज्यातील सहकारी साखर कारखाने चालतात, आपली सर्वसाधारण सभा भरते, तुमच्या मताला मोल येते, तो यातला पहिला. दुसरे नाव विलासराव देशमुख. लातूरजवळच्या बाभळगावचे. आय.एल.एस. मध्ये कायदा शिकले, गावी जाऊन सरपंच झाले, मांजरा कारखाना उभा केला आणि पुढे दोन वेळा राज्याचे मुख्यमंत्री झाले.

यावर आबांनी आम्हाला गाडीत विचारले, "साहेब, म्हणजे वकील झाल्याशिवाय कारखाना निघत नाही म्हणा की!" तसे मुळीच नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये पहिला सहकारी कारखाना ज्यांनी उभा केला त्या विठ्ठलराव विखे पाटलांचे शालेय शिक्षण अगदी थोडे होते. पण त्यांनी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना हाताशी धरले, आणि गाडगीळही खेड्यात येऊन शेतकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. विद्या आणि शेत एका गाडीला जुंपली म्हणून ती गाडी चढ चढली. आमचे म्हणणे एवढेच की तेव्हा जशी अर्थशास्त्राची गरज होती, तशी आज कायद्याची आहे.

का आहे, ते पाहा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावी आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने रास्त व किफायतशीर दर दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. शेतकरी संघटनेचे लोक न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. कारखान्याच्या अंकात कारखान्याच्याच नोकराने हे लिहावे, हे काहींना खटकेल. खटकू द्या. साखरेचा भाव, बँकेची उचल, व्याजाचा बोजा या कारखान्याच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या आम्ही रोज पाहतो. पण नियम जाणणारा सभासद हा कारखान्याचा वैरी नसतो. वैरी असते ती अफवा. नियम माहीत नसला की सभासद सभेत ओरडतो, आणि माहीत असला की नेमका प्रश्न विचारतो. नेमक्या प्रश्नाला उत्तर देता येते.

कायदा कारखान्याच्या बाजूनेही उभा राहतो. किमान दरापेक्षा जादा दिलेला ऊसदर हा खर्च नव्हे, ते नफ्याचे वाटप आहे, असे म्हणून आयकर खात्याने सहकारी कारखान्यांवर वर्षानुवर्षे कराचा बोजा टाकला होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीची ती देणी खर्च म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली. सहकाराचे मर्म जाणणारे कायदेतज्ज्ञ नसते, तर शेतकऱ्याला जादा दर देणे हाच गुन्हा ठरला असता.

आता काही सभासद जे आक्षेप घेतील ते आम्हीच मांडतो. पहिला असा की, वकील वाढले म्हणजे भांडणे वाढतात. आम्ही कॉलेजात अभिरूप न्यायालयाची तयारी पाहिली. म्हणजे विद्यार्थीच दोन बाजू घेऊन खोटा खटला खऱ्यासारखा लढतात. तासभर दोघांनी एकमेकांना धारेवर धरले आणि नंतर बाहेर येऊन एकाच कपातला चहा दोघांत घेतला. आबांच्या नातीने सांगितले, "पुढच्या वेळी बाजू बदलायच्या." आबा चक्रावले. "आज इकडून, उद्या तिकडून? मग खरं कुणाचं?" पोरगी म्हणाली, "समोरच्याची बाजू मांडता आल्याशिवाय आपली कुठं लंगडी आहे ते कळत नाही, आबा." चारी खणणाऱ्या शेजाऱ्याची बाजू आम्ही कोणी कधी ऐकली होती काय? नाही ऐकली. भांडण वाढवतो तो अर्धवट जाणकार. पुरता जाणकार बहुधा मिटवतो.

दुसरा आक्षेप, पोरे शिकून पुण्या-मुंबईलाच राहतात. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. शिवाय तालुक्याच्या कोर्टात पहिली काही वर्षे वकिलाला पोटापुरते मिळणेही कठीण, ही वस्तुस्थिती लपवून चालणार नाही. सरन्यायाधीश शंभरांत एकही होत नाही. परंतु आता एक मोठा बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या लोकांची मुंबईची वारी त्यामुळे वाचली. काम जवळ आले तर काम करणारी मुलेही जवळ राहतील. शिकायलाही पुणेच गाठले पाहिजे असे नाही. कोल्हापुरात शहाजी विधी महाविद्यालय आहे, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी ऊसबिल तारण ठेवणारे आईबाप आम्ही पाहतो. त्यांनी एकदा या वाटेचाही विचार करावा.

तिसरा आक्षेप पैशाचा. गरिबाला वकील कसा परवडणार? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते. विधी महाविद्यालयांनी या कामात भाग घ्यावा अशी त्या कायद्याचीच अपेक्षा आहे. आय.एल.एस. मध्ये विधी साहाय्य केंद्र आहे, तशी सोय इतरही महाविद्यालयांत असते. मुले शिकतात आणि लोकांचे काम होते.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. निर्णय मा. संचालक मंडळाचा व सर्वसाधारण सभेचा. आमचे काम सुचवण्याचे.

एक, प्रत्येक गट कार्यालयात तीन महिन्यांतून एक दिवस कायदा मार्गदर्शनाचा ठेवावा. तालुका विधी सेवा समिती आणि जवळचे विधी महाविद्यालय यांना पत्र लिहावे. जागा, सतरंजी आणि चहा आपला. पहिला दिवस जूनमध्ये ठेवावा, म्हणजे वाटेचे व पाण्याचे तंटे हंगामाच्या आधी, मुदतीच्या आत सुटतील.

दोन, कारखान्याच्या शिक्षण निधीतून दरवर्षी सभासदाच्या अगर ऊसतोड मजुराच्या घरातील एक मुलगा व एक मुलगी यांना कायद्याच्या शिक्षणासाठी साहाय्य द्यावे. अट एकच, सुट्टीत त्यांनी गट कार्यालयात बसून सभासदांचे कागद वाचून द्यावेत.

तीन, ऊस नोंदीच्या वेळी आमच्या कर्मचाऱ्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत. सातबारावर वारसनोंद लागली आहे काय? आणि रानाला जायची वाट मोकळी आहे काय? उत्तर नाही असे आले तर त्या जागी तारीख लिहावी. हे तिसरे काम आम्ही कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता आमच्या खात्यात सुरू केले आहे.

आबांच्या रस्त्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तहसीलदारांनी जागेची पाहणी केली आणि बांधाच्या कडेने ट्रॉली जाईल एवढी वाट मोजून दिली. शेजारी आधी फुरंगटला होता. पण नातीने त्याच्या घरी जाऊन कागद समजावून सांगितला, आणि त्याच्याही खालच्या रानाला त्याच वाटेचा उपयोग होईल हे दाखवले, तेव्हा त्याने चारी स्वतः बुजवली. आबांच्या खोडव्याला आता वाट आहे. पुण्याहून परतताना आबा आम्हाला म्हणाले होते, "साहेब, माझा बाप म्हणायचा, कोर्टाची पायरी चढू नको. त्यानं एवढंच सांगितलं. त्या पायरीवर काय लिवलंय ते वाचून घे, असं कुणी सांगितलंच न्हाई."

आम्ही सांगत आहोत. मुलांना कायदा वाचायला शिकवा. आणि उद्या कोणी तुमच्या वाटेत चारी खणली, तर संध्याकाळी घरी आल्यावर सर्वांत आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला खूण करा.

जय सहकार!